दिवाबत्तीच्या वेळचा आवाज

वरवट बकालला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सत्यभामाबाईंचं घर आहे. त्यांचा मुलगा प्रज्वल गेला, त्यानंतरही कितीतरी महिने त्या घरात त्याचा आवाज रोज यायचा. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतही तो ऐकू जाई. आधी सांजच्याला ओट्यावर गप्पा मारायला बाया यायच्या, त्या हळूहळू ती वेळ टाळायला लागल्या. कोणी तसं तोंडानं बोललं नाही. कोणाला देवळात जायचं असे, कोणाची भाजी चुलीवर असे.

आवाज फोनातून यायचा. प्रज्वल मोबाइलची ॲप बनवायचा. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो गावातच मागच्या खोलीत बसून करी. आईला साखरेचा आजार निघाला आणि ती गोळ्या विसरायला लागली, तेव्हा त्यानं तिच्या एकटीसाठी एक लहानसं ॲप बनवलं. नाव ठेवलं ‘माय’. वेळ झाली की फोन त्याच्याच आवाजात बोले. सकाळी म्हणे, “माय, उठली का? चहाच्या आंधी गोळी घे.” आणि सांजच्याला, “माय, दिवा लावला का? आता पांढरी गोळी घे. अन् पाणी कॅनचंच पे.” खाली मोठं हिरवं बटण होतं, त्यावर लिहिलेलं: घेतली. ते दाबलं नाही तर थोड्या वेळानं तो पुन्हा हाक मारी.

मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं. त्याला अकोल्याला नेलं, आणि परत आणलं ते ॲम्ब्युलन्समधून, झाकून. त्या सांजी घर बायांनी भरलेलं होतं, रडारड चालली होती, आणि कोनाड्यातला फोन म्हणाला, “माय, दिवा लावला का?”

रडणं एकदम थांबलं. सत्यभामाबाई उठल्या, दिवा लावला, गोळी तोंडात टाकली, कॅनमधलं पाणी प्यायल्या, बटण दाबलं, आणि परत जागेवर येऊन रडू लागल्या. त्या दिवसानंतर तो आवाज बंद करायचं कोणाच्या मनात आलं नाही.

प्रज्वलची बायको संजीवनी त्या वेळी बहुतेक स्वयंपाकघरात कणीक मळत असे. आवाज आला की तिचे हात परातीत थांबत. तिला भीती वाटे असं नाही. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, तो आवाज तिला हवाच होता. पण तो रोज घरात यायचा, आईशी बोलायचा आणि निघून जायचा. तिचं नाव त्यात कुठंच नव्हतं. तरी ‘पाणी कॅनचंच पे’ झाल्यावर ती उगीच आणखी थोडी थांबून ऐके. पुढं काही नसायचं. मग सासूचा आवाज यायचा, “हाव रे बाप्पा, घेतली,” आणि ती पुन्हा मळायला लागायची.

सत्यभामाबाईंचा गावाबाहेर भाजीचा लहानसा मळा आहे. उन्हाळा सुरू होताना एका सकाळी त्या भेंडी तोडता तोडता वाफ्यातच बसल्या. संजीवनीनं जाऊन पाहिलं तर अंग घामानं भिजलेलं, नजर भलतीकडेच, आणि सुनेला त्या आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होत्या. शेजारच्या मळेकऱ्यानं गूळ तोंडात घातला, तशा जरा भानावर आल्या. शेगावच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, यांची मूत्रपिंडं थकलीत. खाऱ्या पाण्यावर जन्म गेलेली या पट्ट्यातली माणसं त्यांच्या ओळखीची होती, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी नीट समजावलं. मूत्रपिंडं थकली की साखरेची गोळी अंगातच रेंगाळते आणि साखर एकाएकी खाली उतरते. सांजची पांढरी गोळी आजपासून बंद. घेतली तर एखाद्या वेळी झोपेतच सगळं संपेल.

सांजी घरी फोन बोलला, आणि सत्यभामाबाईंनी पांढरी गोळी घेतली.

संजीवनीला वाटलं, सवयीनं घेतली असेल. दुसऱ्या दिवशी तिनं आठवण करून दिली. “आई, डॉक्टरांनी ते गोळी बंद केली ना.”

“डॉक्टरनं केली. यानं कोठी केली?” सत्यभामाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. “जित्ता होता तवा मी त्याचं ऐकलं नाही कधी. आता तो म्हणते घे, तं मी घेते.”

संजीवनीनं गोळ्या लपवल्या, तर त्यांनी मेडिकलमधून नवीन पाकीट आणलं. फोन बंद करून ठेवायला गेली, तर त्या फोन कमरेच्या पिशवीत घालून फिरू लागल्या, न्हाणीत जातानाही खुंटीला डोळ्यांसमोर टांगू लागल्या. थोड्याच दिवसांनी ओट्यावर बसल्या बसल्या त्या पुन्हा कलंडल्या. या वेळी तोंडात साखर घालताना त्यांचे दात घट्ट बसले होते.

स्टँडवर गफ्फारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो प्रज्वलचा शाळेपासूनचा दोस्त. संजीवनीनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ॲप काढून टाकू, दोन बोटांचं काम आहे. पण ते काढलं तर सकाळचाही आवाज जाणार होता, आणि त्यानंतर सासू उठेल की नाही हेच संजीवनीला सांगता येत नव्हतं. फक्त सांजचं बदलायचं तर ॲपच्या आत जायला हवं. आईच्या हातून चुकून काही बिघडू नये म्हणून प्रज्वलनं वेळा आणि बोल सगळं आतच पक्कं करून टाकलं होतं.

“मले फक्त पुर्जे समजते, वहिनी,” गफ्फार म्हणाला. “ते आतलं त्याचं काम होतं.”

प्रज्वलचा लॅपटॉप त्याच्या मागोमाग बंद पडला होता. आतली डिस्क गेली होती. गफ्फारनं नवी बसवून दिली, म्हणजे मशीन चालू झालं पण आतून कोरं. प्रज्वलच्या कामातलं वाचलं होतं ते एवढंच, की तो घरच्या ॲपची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि तो पेनड्राइव्ह त्याच्या टेबलाच्या खणात तसाच पडला होता.

लग्नाआधी संजीवनी खामगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे. ॲप बनवणं तिला येत नव्हतं, पण मशीनला ती भीत नव्हती. सासू मळ्यात गेली की दुपारी ती मागच्या खोलीत बसायला लागली. आधी अँड्रॉइड स्टुडिओ उतरवून घेतलं, जिथं बसून ॲप बनवतात ते सॉफ्टवेअर. गल्लीतल्या नेटवर ते उतरायला दोन दुपारी गेल्या. मग जावा, ॲपची भाषा चालवणारं सॉफ्टवेअर. मग एसडीके नावाचा अवजारांचा मोठा डबा. मग ॲपचे सुटे भाग जोडून देणारी ग्रेडल नावाची व्यवस्था, ती स्वतःच नेटवरून आणखी काय काय ओढत बसे. व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, तसं करायचं. नव्या घरात संसार मांडण्यासारखंच होतं ते. चूल पेटायच्या आधीच दिवस मावळायचा.

एका दुपारी सगळं बसलं असं वाटलं. तिनं पेनड्राइव्हवरचं ‘माय’ उघडलं आणि तयार करायचं बटण दाबलं. खाली लाल ओळी आल्या. तिनं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. मशीन इंग्रजीत सांगत होतं की ‘प्रज्वल’ नावाचा फोल्डर अस्तित्वात नाही.

ती टेबलाची कड धरून बसली. कारण साधं होतं, तेही तिला पुढं सापडलं. अवजारांचा डबा कुठं ठेवलाय त्याचा पत्ता एका फाइलमध्ये लिहिलेला असतो, आणि त्यात प्रज्वलच्या जुन्या मशीनवरचं, त्याच्या नावाचं ठिकाण होतं. ते खोडून आपलं नाव लिहायचं होतं. तिनं पत्त्यातलं ‘प्रज्वल’ एकेक अक्षर मागं घेत पुसलं. शेवटचं अक्षर गेलं आणि तिरप्या रेघांमधली जागा रिकामी झाली, तेव्हा मागं कोणीतरी उभं असल्यासारखं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं नाही. स्वतःचं नाव टाइप केलं आणि पुन्हा बटण दाबलं.

तेवढ्यानं भागलं नाही. त्याची ग्रेडल जुनी, तिची जावा नवी, दोघींचं जमेना. ते जमवलं तर आणखी एक भाग सापडेना. पण लाल ओळी कमी होत गेल्या, आणि अखेर एका दुपारी पडद्यावर एम्युलेटर उभा राहिला. एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपच्या आतला खोटा फोन, ॲप आधी त्यात चालवून बघतात. पंखा घरघरू लागला, लॅपटॉप तापला, आणि त्या खोट्या फोनवर ‘माय’ उघडलं. आवाज येतो का बघायला तिनं त्या फोनाचं घड्याळ पुढं केलं. बाहेर रणरणतं ऊन होतं. खोट्या फोनात सांज झाली.

“माय, दिवा लावला का?”

“हाव रे, आली,” बाहेरून उत्तर आलं.

सत्यभामाबाई मळ्यातून लवकर परतल्या होत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातली भाजीची पाटी त्यांनी तशीच खाली ठेवली. कमरेचा फोन चाचपून पाहिला. तो गप्प होता. मग त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं, रिकाम्या पलंगाकडं पाहिलं.

“तो इथंबी हाय?” त्यांनी हळूच विचारलं.

संजीवनीला ‘हो’ म्हणवेना आणि ‘नाही’ही म्हणवेना. काम करून राह्यली, एवढंच ती म्हणाली. सत्यभामाबाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्या दुपारच्या चहाचा एक कप टेबलावर आणून ठेवू लागल्या. तो सुनेसाठी नव्हता, सुनेला त्या वेगळा देत. संजीवनी तो कप संध्याकाळी मोरीत ओतून टाकी.

आता ॲप हातात आलं होतं, पण त्याच्यात बोलायचं काय, हा प्रश्न होताच. सांजचा आवाज नुसता काढून टाकला तर सासू वाट बघत बसणार आणि त्या शांततेनं घाबरून नक्कीच गोळी घेणार. गोळी घेऊ नको हे त्यानंच सांगायला हवं होतं. आणि तसं तो कधी बोलला नव्हता.

पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये त्यानं केलेली मूळ रेकॉर्डिंग होती, न कापलेली. ती तिनं कानाला लावून ऐकायला घेतली. खाकरणं. खुर्ची करकरणं. ‘माय, उठली का’ चारदा, वेगवेगळ्या सुरांत. स्वतःच्याच बोलण्याला हसणं. मग एका रेकॉर्डिंगमध्ये दारावर टकटक झाली आणि एका बाईचा आवाज आला, “येऊ का?” तो आवाज कोणाचा हे तिला क्षणभर कळलं नाही. इतका मोकळा होता. मग कळलं, आपलाच. आणि त्याच्यावर प्रज्वल म्हणाला, “नको. मंग ये.”

तिनं ते परत परत ऐकलं. त्या दिवशी तिला राग आला होता हे आठवलं. चहा घेऊन गेली होती ती, आणि दार लोटलेलंच राहिलं होतं.

मग तिनं ते कापलं. एका ठिकाणचं ‘माय’, दुसऱ्या ठिकाणचं ‘गोळी’, आणि इथलं ‘नको’. ‘मंग ये’ बाजूला टाकलं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा तीन वेगळी माणसं बोलल्यासारखं झालं. तिनं मधल्या जागा कमी केल्या, एकाचा सूर उतरवला, दुसऱ्याचा आवाज वाढवला. ‘दिवा लावला का’ही ठेवून बघितलं, पण जोड जास्त झाले की खोटेपणा ऐकू येई, म्हणून ते काढलं. दुपार कलती झाली तेव्हा प्रज्वल स्वच्छ म्हणाला, “माय, गोळी नको.”

मेलेल्या माणसानं जिवंतपणी न बोललेलं वाक्य तिनं त्याच्या तोंडून काढलं होतं. आणि आता तो काहीही बोलू शकत होता. तिचं नावसुद्धा. ‘सं’ कुठंतरी सापडला असता, ‘जी’ सापडला असता. तिनं लॅपटॉप घाईनं मिटला.

दुसऱ्या दिवशी चार्जिंगच्या बहाण्यानं तिनं सासूचा फोन मागून घेतला, केबलनं जोडला आणि नवं ॲप पाठवलं. फोननं घेतलं नाही. ती गफ्फारकडं गेली. त्यानं कुठंतरी विचारून सांगितलं की प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्या मशीनची एक सही असते. जुनी सही प्रज्वलच्या डिस्कसोबत गेली. ही सही संजीवनीची आहे, आणि फोन तिला ओळखत नाही. जुनं काढावं लागेल, तरच नवं बसेल.

तिनं जुनं काढलं. पडद्यावरचं ‘माय’ नाहीसं झालं आणि नवं बसेपर्यंत ती त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. फोनही कोरा झाला होता तेवढा वेळ.

सांजी सत्यभामाबाई देवापुढं वात लावत होत्या.

“माय, गोळी नको.”

काडी त्यांच्या हातात जळत राहिली. बोटाला चटका बसला तेव्हा त्यांनी ती टाकली. संजीवनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

“काऊन रे?” त्यांनी कारण विचारलं.

फोन गप्प. त्यांनी वाट पाहिली, मग काढून ठेवलेलं गोळीचं पाकीट परत डब्यात ठेवलं. झोपायच्या आधी एवढंच म्हणाल्या, “दिव्याचं नाही विचारलं आज त्यानं.”

गोळी सुटली. साखर ठिकाणावर आली, चक्कर थांबली, शेगावच्या डॉक्टरांनीही समाधानानं मान हलवली. जे करायला संजीवनी बसली होती ते झालं होतं. पण घरात काहीतरी दुसरंच आत आलं. आतापर्यंत त्या आवाजात काळजी होती, म्हणून तो सोसवत होता. आता रोज दिवेलागणीला घरात एक ‘नको’ पडत होता. सत्यभामाबाई त्याला रोज विचारत, काऊन. सांजच्या हिरव्या बटणावर संजीवनीनं आता ‘बरं’ लिहिलं होतं, पण त्या ते दाबत नसत. तो आणखी काही बोलेल म्हणून थांबत. मग थोड्या वेळानं तो परत तेच म्हणे. मग परत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सांजचा चहा सोडला. मग दिवा लावायचा थांबवला. संजीवनी लावायला गेली तर म्हणाल्या, “राहू दे. तो नको म्हणते.” अंधार पडायचा, त्या भिंतीला टेकून बसायच्या, आणि मांडीवरचा फोन उजळून म्हणायचा, “माय, गोळी नको.”

संजीवनीला तर त्यात दारावरची टकटकही ऐकू यायची. ती तिनं कापून टाकली होती, तरी यायची. रोज ती चहा घेऊन दाराशी उभी असायची आणि रोज तो नको म्हणायचा, आणि पुढचं ‘मंग ये’ तिनंच फेकून दिलेलं. एकदा परातीवर वाकलेली असताना तिच्या तोंडून निघून गेलं, “नाही येत मी आत.” आपण कोणाला बोललो हे कळल्यावर तिनं कणकेचे हात तसेच पदराला पुसले आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

मग एक दुपार आली. ती दळण घेऊन घरी परतली तर मागच्या खोलीत सासू बसलेली. लॅपटॉप मिटलेला होता. सत्यभामाबाईंनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला होता, ताप बघायला लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि त्या बोलत होत्या.

“चहा बी सोडला मी. दिवा बी लावत नाही. अजून काय नको झालं तुले? मी नको झाली का, बाप्पा? तसं असन तं तसं सांग.”

संजीवनीनं पिठाचा डबा दारातच ठेवला. ती सासूच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कसं कापलं, कुठून काय घेतलं, कशाला जोडलं. सांगून पटेना, म्हणून लॅपटॉप उघडून मूळ रेकॉर्डिंग लावलं. खुर्ची करकरली. टकटक झाली. ‘येऊ का?’ ‘नको. मंग ये.’

सत्यभामाबाईंनी ते तीनदा लावायला लावलं. मग उठल्या.

“तू त्याच्या तोंडात शब्द घातला,” त्या म्हणाल्या. “मी इतक्या दिवस त्याच्यासंग भांडून राह्यली. तो तं बोललाच नोता.”

त्यानंतर त्या सुनेशी बोलल्या नाहीत. फोन त्यांनी ज्वारीच्या कोठीत खाली पुरून ठेवला. दिवेलागणीला ज्वारीच्या आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं येई, शब्द कळत नसत, आणि दोघी वेगवेगळ्या खोल्यांत ते संपायची वाट बघत. मग चार्जिंग संपून तेही थांबलं. प्रज्वल गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात सांज नुसती सांज म्हणून आली. इतकी शांतता संजीवनीला पेलेना. तिला वाटलं, माहेरी निघून जावं. बॅग काढलीही. सासूच्या साखरेकडं कोण बघेल म्हणून परत ठेवली. गोळी मात्र सत्यभामाबाईंनी परत घेतली नाही. डबा उघडून बघत, आणि मिटत.

किती दिवस गेले कोणास ठाऊक. एका सकाळी त्यांनी कोठीतून फोन काढला, फडक्यानं पुसला आणि चुलीजवळ सुनेच्या पुढ्यात ठेवला.

“सकायचं त्यानं जसं म्हटलं होतं तसं राहू दे,” त्या म्हणाल्या. “सांजचं तू सांग. तुह्या तोंडानं. त्याले आता कायले तरास?”

त्या दुपारी संजीवनीनं मागच्या खोलीत बसून स्वतःचा आवाज भरला. पहिल्या वेळी ‘आई’ म्हणूनच ती थांबली, दुसऱ्या वेळी वर्गात शिकवल्यासारखं झालं. शेवटी ती रोजच्यासारखं म्हणाली, “आई, सांजची गोळी बंद हाय. चहा ठेवला, या.” मग ॲप तयार केलं, केबल जोडली, फोननं या वेळी काही कुरकुर केली नाही. जोडलेलं ते वाक्य तिनं लॅपटॉपवरून पुसलं, पेनड्राइव्हवरून पुसलं, कुठं उरलं तर नाही ना हे परत परत तपासलं. मूळ रेकॉर्डिंगला हात लावला नाही.

पहिल्या सांजी सत्यभामाबाईंनी फोनाला उत्तर दिलं नाही. उठून स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. चहा खरंच ठेवलेला होता. चहा झाल्यावर त्या देवाकडं गेल्या आणि त्यांनी काडी ओढली.

पुढं वर्षभरात तब्येत आणखी उतरली. डॉक्टरांनी सकाळचीही गोळी बंद केली आणि त्याऐवजी इन्सुलिनची सुई दिली. म्हणजे प्रज्वलचं राहिलेलं एक वाक्यही आता चुकीचं झालं होतं. दवाखान्यातून परत येताना एसटीत संजीवनीनं भीत भीत विचारलं, सकाळचं बदलू का? सत्यभामाबाईंनी आधी कमरेच्या पिशवीतला फोन चाचपला. मग म्हणाल्या, राहू दे.

म्हणून ते तसंच आहे. सकाळी संजीवनी सुई भरत असते तेव्हा फोन म्हणतो, “माय, उठली का? चहाच्या आंधी गोळी घे.”

“नाही रे बाप्पा, गोळी बंद झाली,” सत्यभामाबाई त्याला सांगतात. “आता सुई हाय. तुले कसं ठाऊक रायन?”

त्या बाही वर करतात. संजीवनी दंडाची कातडी चिमटीत धरते, सुई टोचते, बोळा दाबून धरते. घेतली, असं लिहिलेलं बटण त्या दाबत नाहीत, कारण गोळी घेतलेली नसते. त्यामुळे थोड्या वेळानं तो पुन्हा हाक मारतो. त्या पुन्हा त्याला समजावून सांगतात, या वेळी जरा चिडून, आणि चहा गाळत असलेल्या सुनेकडं बघून म्हणतात, “ऐकतच नाही.”